नव्या चेहऱ्याबद्दल

शनिवारी रात्री साडेदहाला
उल्सानमध्ये, नदीवरच्या पुलाखाली
नवी हानबित येऊन उभी राहिली.
दारांच्या कडांना अजून निळा फोम चिकटलेला.
कागदी कपातल्या नूडल्स तशाच ठेवून
आम्ही उठलो.

मालक, दंतवैद्य मेंग,
मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातल्या बापासारखे
जरा बाजूला, हात मागे.

नामगुंग ह्योकने आधी तोंड उघडलं.
जाळी केवढी केलीय, म्हणाला,
नाकापेक्षा मोती जड, अशा अर्थाचं काहीतरी.
आणि दिवे इतके बारीक
की ओळखत असून
ओळख न दाखवणाऱ्या आत्याची नजर.

प्यो हसला.
मागच्या वेळी जुनी जाळी आली
तेव्हा तूच म्हणाला होतास, गटाराचं झाकण.
आज तिच्याच नावाने गळा काढतोयस.

यांग मि-रान काही बोलली नाही.
सोळा वर्षं ती मातीच्या गाड्या घडवायची,
अजून तिचा अंगठा एका बाजूला चपटा आहे.
उकिडवी बसली, मोबाइलचा उजेड आडवा धरला
आणि खांद्यावरची रेघ
पुढच्या चाकापासून मागेपर्यंत वाचत गेली.
इथवर छान, म्हणाली.
इथे, मागच्या दारापाशी, कुणाला तरी घरी जायचं होतं.

आम्ही सगळे वाकून
ते दमलेलं ठिकाण शोधू लागलो.
मला नाही दिसलं.
मला दिसत होती पलीकडे उभी माझी हानबित,
जुन्या चेहऱ्याची,
जी मंगळवारपर्यंत नवी होती
आणि जागची न हलता म्हातारी झाली.
मी म्हणालो, मला आवडली.
गरजेपेक्षा मोठ्याने म्हणालो.

कु बोन-सिक तेवढे उठले नव्हते.
एका जहाज-कंत्राटदार अध्यक्षांची गाडी
एकोणीस वर्षं चालवली त्यांनी.
रस्सा संपवला, तोंड पुसलं, मग आले.
पुढून बघितलंच नाही.
मागचं उजवं दार उघडून लावलं.
थप्.
पुन्हा एकदा.
तांदळाच्या पिंपाचं झाकण, म्हणाले, भरलेल्या.
मेंग यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

मग ते चालकाच्या जागेवर बसले,
आणि मीही, कुणी बोलावलं नसताना,
मागे, उजवीकडे, अध्यक्षांच्या जागी.
मऊ होतं. नको इतकं मऊ.

कु यांनी मान वर केली.
आरशाच्या जागी पडदा होता,
त्यात मागचा रस्ता, लख्ख,
एक सायकलवाला, पुलाचा खांब.
माणूस नाही.

नाक, डोळे, जाळी, तुमचं चालू दे, म्हणाले.
समोरचा चेहरा मी धुतलाय फक्त.
बघितला तो हा, इथला.
संपाच्या वाटाघाटींना जाताना
अध्यक्षांचे ओठ इथे पुटपुटायचे.
लेकीच्या लग्नाहून परतताना
इथेच ते झोपेचं सोंग घ्यायचे.
रिपोर्ट आला त्या दिवशी
मी न विचारता लांबचा रस्ता घेतला,
आणि रेडिओ बंद केला.
आता चालकाने काय बघून रेडिओ बंद करायचा?

बाहेर कुणीच काही बोललं नाही.
बंदराकडून एक भोंगा, लांब,
गाड्या भरून जहाज निघालं असावं.

ह्योक खिडकीतून वाकला.
आजोबा, खाली छोटी कळ आहे, मागे ओढा,
साधा आरसा होतो.

त्यांनी ओढली.
रस्ता विझला
आणि काचेत मी आलो,
अर्धा अंधारात, कॉलर वाकडी,
मऊ गादीत खोल गेलेला.

कु थोडा वेळ बघत राहिले,
सवयीने, हात स्टिअरिंगवर, दहा आणि दोनवर.

मग वळून न बघता,
बाहेरच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात,
त्यांनी विचारलं,
हप्ते किती राहिलेत?